न दिसणाऱ्या गोष्टी डोक्यात कशा राहतात? काकाजींचा लाल रंग आणि गटाचं व्याज

अरुणावतीकाठ

नमस्कार मंडळी.

मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका गावात राहते. गावातल्या बचत गटांचे हिशेब लिहिणं, बैठका घेणं, बायकांसोबत बँकेत जाणं हे माझं काम. शिक्षण बारावी. गेल्या महिन्याभरापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही आणि गावात तो कोणाला विचारावा हे कळत नाही, म्हणून इथे लिहिते. थोडं लांबेल.

आधी गटातली गोष्ट. आमचे गट सभासदांना आपसात कर्ज देतात ते शेकडा दोन रुपयांनी, महिन्याला. बँकेचं कर्ज मिळालं तर ते वर्षाला ७ टक्क्यांनी पडतं. बँकेच्या कर्जाचा ठराव लिहायला बसलो, तर एक मावशी म्हणाली, "बँकेचे सात अन् गटाचे दोन. मंग सात कायले देता? गटातलंच घेऊ ना." दहापैकी आठ जणींनी माना हलवल्या.

ही मावशी हिशेबाला कच्ची नाही. मंगळवारच्या बाजारात भाजी विकते. चाळीसच्या भावाने पावणेदोन किलो वांगी म्हटलं की माझा मोबाइल उघडायच्या आत "सत्तर" म्हणते. जूनमध्ये एक पोतं ज्वारी उचलून दिवाळीनंतर दीड पोतं परत करणं किती महाग पडतं, हेही तिला चांगलं ठाऊक आहे, कारण तिच्या सासूने ते भोगलं आहे.

मी सांगितलं, मावशी, दोन महिन्याचे आहेत, सात वर्षाचे. मूळ रक्कम तशीच राहिली तर बारा महिन्यांचे चोवीस होतात. तर ती म्हणाली, "चोवीस कुठून काढले बाई? तुमी त दोनच घेता." आणि वहीत खरंच तेवढंच लिहिलेलं होतं. व्याजदर २ टक्के. महिन्याला हा शब्द मीच लिहिला नव्हता.

शेवटी डब्यातली तूर आणली. शंभर रुपयांचं एक नाणं म्हणून मधे एक दगड ठेवला. एका बाजूला दर अमावास्येला दोन दाणे. दुसऱ्या बाजूला वर्षातून एकदा, पोळ्याच्या पोळ्याला, सात दाणे. चौथ्या अमावास्येला आठ दाणे झाले तेव्हाच तिने माझा हात धरला. "राहू दे. समजलं."

आता मला सांगा, तूर मांडायच्या आधी तिच्या डोक्यात 'दोन टक्के' काय म्हणून होते? आणि मांडल्यावर नेमकं काय बदललं?

दुसरी गोष्ट घरातली. काकाजी, म्हणजे माझे चुलत सासरे, जन्मापासून आंधळे आहेत. वय साठीच्या पुढे. अंबाडीच्या वाकाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळतात. बाजारात नायलॉनचा दोर आल्यापासून मागणी कमी झाली, तरी बैलाची मान कापत नाही म्हणून जुने लोक दावं-कासरा त्यांच्याकडूनच नेतात. कोणी दुसरीकडचा दोर आणला की काकाजी म्हणतात, "आन इकडे, पायतो." मग तो बोटांतून सरकवत शेवटपर्यंत 'पाहतात'. घरात कोणालाच त्या शब्दात काही वेगळं वाटत नाही.

पोळ्यासाठी शिंगांना लावायचे रंग काढून बसलो होतो. माझी मुलगी तिसरीत आहे. तिने सरळ विचारलं, "आबाजी, लाल म्हंजे काय ते तुमाले मालूम हाये का?" मला कसंतरीच झालं. काकाजींना काही वाटलं नाही.

"कायले नाई मालूम? हिरवं म्हंजे अजून टाइम हाये. लाल म्हंजे टाइम झाला. मिरची पाय, बोरं पाय, टमाटर पाय."

"अन् पांढरं?"

"पांढरं म्हंजे कापूस फुटला."

"अन् कायं?" (कायं म्हणजे काळं, नियं म्हणजे निळं.)

"पानी धरून ठेवते ते कायं. कायी जमीन, काया ढग."

"अन् नियं?"

इथे ते थांबले. हातातला वाक खाली ठेवला. म्हणाले, "नियं मले येत नाई, माय. आभाय नियं असते म्हंतेत. पण आपल्या वावरात नियं काईच पिकत नाई."

'येत नाही' म्हणाले. पाढा येत नाही म्हणतो तसं. 'दिसत नाही' म्हणाले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण मी विचार करायला लागले की व्याज मी तरी कुठे पाहिलं आहे? डोळे मिटून 'व्याज' म्हटलं की मला वहीतला उजवीकडचा रकाना दिसतो. रकाना म्हणजे काही व्याज नव्हे. 'विश्वास' म्हटलं की गटाची पेटी दिसते, कारण पेटी एकीच्या घरी आणि चावी दुसरीच्या घरी असते. पण ज्या गावात बचत गट नाही तिथेही विश्वास असतोच की. म्हणजे माझं चित्र आणि ती गोष्ट वेगळ्या आहेत. मग ती गोष्ट माझ्या डोक्यात ठेवली आहे कुठे, आणि कशाची बनलेली आहे? चित्रांची, शब्दांची, की हातापायांच्या सवयीची? आणि काकाजींकडे लाल आला कुठून?

कोणी यावर अभ्यास केला असेल तर कृपया सोप्या मराठीत सांगा.

वऱ्हाडी_मास्तर

ताई, मी अमरावतीला एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून मी माझ्या जुन्या टिपणवह्या काढल्या. तुम्ही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, त्यांच्यामधेच या विषयातलं मोठं भांडण आहे.

एक बाजू अशी की अमूर्त असं वेगळं काही नसतंच, सगळं शरीरातून उचललेलं असतं. १९८० मध्ये लेकॉफ आणि जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी हे जोरात मांडलं. त्यांचं म्हणणं, आपण न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या गोष्टीच्या साच्यातच करतो. त्यांची उदाहरणं इंग्रजीतली आहेत, पण मराठीत तर ढीग सापडतो. आपण अपराध पोटात घालतो. गोष्ट गळी उतरते किंवा पचनी पडत नाही. मन जड होतं. जीव टांगणीला लागतो. डोक्यावरून जातं. 'आकळणे' हे क्रियापदच मुळात धरून ठेवणे, आवरणे या अर्थाचं आहे. समजणं म्हणजे हातात पकडणं. तुमच्या मावशीने तुमचा हात धरून 'समजलं' म्हटलं, तो भाग मी दोनदा वाचला.

मी कित्येक वर्षं हेच शिकवलं आणि मला ते पटलेलं होतं. पण माझं मत नंतर हललं, आणि ते हललं ते काकाजींसारख्या माणसांमुळेच.

बार्बरा लँडाऊ आणि लायला ग्लाइटमन यांनी एका जन्मांध मुलीच्या भाषेचा अभ्यास केला, तो १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आला. 'वर बघ' म्हटलं की डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस मुलं मान वर करायची. ही मुलगी मान जागेवर ठेवून हात वर करायची. तिच्यासाठी 'बघणं' म्हणजे हातांनी नीट चाचपून जाणून घेणं, आणि नुसतं 'हात लावणं' त्याहून वेगळं. तुमचे काकाजी 'आन इकडे, पायतो' म्हणतात ते अगदी हेच. हा शब्द त्यांनी उसना घेतलेला नाही, तो त्यांचा स्वतःचा आहे.

मग रंगाचं. २०२० मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी जन्मांध आणि डोळस माणसांना फळं-भाज्यांच्या रंगांविषयी विचार करायला लावून मेंदूचं चित्रण केलं. डोळस लोकांमध्ये हे ज्ञान दोन ठिकाणी आढळलं. एक रंग पाहण्याच्या कामातला भाग, आणि दुसरा डाव्या कानशिलाच्या आत, पुढच्या बाजूला. जन्मांधांमध्ये पहिल्या ठिकाणी ते नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी मात्र होतं, डोळसांसारखंच. म्हणजे 'टमाटर लाल' हे तुमच्या डोक्यात दोनदा ठेवलेलं आहे, एकदा पाहिलेलं म्हणून आणि एकदा जाणलेलं म्हणून. काकाजींकडे ते एकदाच आहे, पण आहे. खोटं नाही, पोपटपंचीही नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार अस्वस्थ करून गेली होती. लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये काही रुग्णांची नोंद केली, ज्यांच्या मेंदूतला शब्दार्थांचा साठा हळूहळू झिजत होता. आपल्याला वाटेल की अवघड, अमूर्त शब्द आधी जातील आणि साधेसुधे मागे राहतील. सहसा तसंच होतं. पण त्यातला एक जण 'करार' या अर्थाच्या शब्दाला 'मैत्रीचा समझोता' असं बरोबर सांगायचा आणि वाळलेल्या गवताला, आपण वैरण म्हणतो त्याला, 'विसरलो' म्हणायचा. अमूर्त सगळं मूर्ताच्या पायावरच उभं असेल, तर पाया गेल्यावर वरचा मजला कसा उभा राहिला? याचं उत्तर शरीरवाल्या बाजूला नीट देता येत नाही.

म्हणून माझं आजचं मत असं की डोक्यात दोन्ही असतं. हातापायांतून आलेलंही, आणि माणसांच्या बोलण्यातून विणलं गेलेलंही. कोणत्या गोष्टीत कशाचा वाटा जास्त, हे गोष्टीगणिक बदलतं.

दोन_तास_तुरीचे

मास्तर, नमस्कार. मी दारव्ह्याकडचा शेतकरी. शिक्षण फार नाही, पण तुमच्या 'शरीरातून आलेलं'बद्दल एक गोष्ट मला लई वर्षांपासून खटकते.

आपण म्हणतो 'मागे एकदा असं झालं होतं'. म्हणजे झालेलं पाठीमागे. आणि आपणच म्हणतो 'पूर्वी असं होत होतं'. आता पूर्व म्हणजे समोर. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राह्यलं की समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, म्हणून तर उजव्याला संस्कृतात दक्षिण म्हणतात. पाठीकडे पश्चिम, आणि त्याच शब्दाच्या नात्यातला 'पश्चात', म्हणजे नंतर. मग गेलेला काळ मागे आहे की समोर? मराठीत दोन्ही. कोणाचा गोंधळ होत नाही.

मला याचा उलगडा जिनिंगवर झाला. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मी म्हणालो, "माझ्यापूर्वी तीन गाड्या हायेत." ते पूर्वीचे कुठं होते? माझ्या पुढं. म्हणजे आपण स्वतः चालतो असं धरलं तर गेलेलं मागं पडते, आणि गोष्टी रांगेत उभ्या धरल्या तर आधीचं पुढं असते. एकाच डोक्यात दोन्ही मांडण्या आहेत आणि शब्दागणिक आपण त्या बदलतो. म्हणून मला वाटते की शरीरातून साचा येते हे खरं, पण शरीर कुठं उभं केलं त्यावर साचा बदलते.

माझ्या पुतण्याने मला दक्षिण अमेरिकेतल्या आयमारा लोकांबद्दल वाचून दाखवलं. अँडीज पर्वतात राहतात. त्यांच्यात जो शब्द 'डोळा' आणि 'समोर' यासाठी आहे, तोच 'गेलेलं' यासाठी. म्हातारे लोक आजोबा-पणजोबांच्या काळाबद्दल बोलताना हात समोर करतात, उद्याबद्दल बोलताना खांद्यावरून मागे. राफाएल नुनेझ आणि ईव्ह स्वीट्झर यांनी त्यावर २००६ मध्ये लिहिलं आहे. जे पाहिलं ते समोर, जे पाहिलं नाही ते पाठीमागं. मला तर हे एकदम पटलं. पेरणी करतानी कोणाले समोर पीक दिसते?

ताई, काकाजींना विचारून पाहा ना. त्यांनी तर पाहिलेलं काहीच नाही. गेलेलं वर्ष ते कोणीकडे दाखवतात?

रामटेकची_वाट

संस्कृत शिकताना वाचलेलं एक इथे सांगावंसं वाटतं.

न्यायवैशेषिक या जुन्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांचं म्हणणं, 'गाय' हा शब्द कळतो कारण सगळ्या गायींमध्ये एक 'गोत्व' खरोखर असतं. पाचव्या-सहाव्या शतकातले बौद्ध आचार्य दिङ्नाग म्हणाले, असं काही नसतं. 'गाय' म्हणजे 'जे गाय नाही त्यापासून वेगळं केलेलं', बस. या मताला अपोह म्हणतात. लहानपणी मला ते शब्दच्छल वाटायचं. काकाजींची 'हिरवं म्हंजे अजून टाइम हाये, लाल म्हंजे टाइम झाला' ही व्याख्या वाचून पहिल्यांदा वाटलं की दिङ्नागांना काय म्हणायचं होतं ते मला दिसलं. काकाजींचा लाल हिरव्यापासून वेगळा काढलेला आहे, आणि तेवढ्यावर तो नीट चालतो. आपल्या वावरात निळं पिकत नाही, म्हणजे निळं कशापासून वेगळं काढायचं हेच त्यांना मिळालं नाही.

आणि व्याजावरून एक. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याचे आणि शून्याखालच्या संख्यांचे नियम लिहिले, तेव्हा त्याने वापरलेले शब्द होते धन आणि ऋण. शून्याखालची संख्या जगात कुठे दिसत नाही. पण कर्ज सगळ्यांना कळत होतं. आजही शाळेत आपण 'ऋण पाच' म्हणतो, आणि मुलांना कोणी सांगत नाही की ते पाच रुपयांचं कर्ज आहे.

अडत_दुकान

मी बाजार समितीत एका अडत्याकडे दिवाणजी आहे. मावशींबद्दल बोलायचं आहे, कारण अशी माणसं मी रोज पाहतो.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ च्या सुमारास रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास झाला. बाजारात गिऱ्हाईक बनून विचारलं तर ९८ टक्के हिशेब बरोबर. तेच आकडे कागदावर नुसते बेरीज-गुणाकार म्हणून दिले तर ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाला पस्तीसचा एक, असे दहा नारळ विचारले. त्याने शून्य जोडलं नाही. तीन नारळांचे एकशे पाच हे त्याला पाठ होतं, त्यात तीन, आणखी तीन, मग एक, असं करत साडेतीनशेला पोचला. २०२५ मध्ये दिल्ली-कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांवर असाच अभ्यास नेचर मासिकात आला. त्यात उलटंही दिसलं, की शाळेत गणित जमणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडकली.

म्हणून ताई, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही तूर मांडली आणि मावशी समजल्या. पण त्या 'तुरीचे दाणे' समजल्या की 'दर' समजला? दाणे काढून घेतले आणि दुसराच आकडा समोर आला, तर काय होईल? माझ्या अनुभवात तिथेच सगळं सुटतं. आमच्याकडे एक शेतकरी क्विंटलमागची कटती, म्हणजे कपात, बोटांवर बरोबर सांगतो, आणि तीच टक्क्यात छापून आली की पावती माझ्यासमोर धरतो.

अरुणावतीकाठ

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं उत्तर मी काकाजींना पूर्ण वाचून दाखवलं. 'पोपटपंचीही नाही' या वाक्यावर त्यांनी मला थांबवून ते पुन्हा वाचायला लावलं.

दारव्ह्याच्या भाऊंनी सांगितलं ते विचारलं. काकाजी अंगणात दोर वळत होते. मुलगी एका टोकाला वाकाला पीळ देत होती आणि काकाजी हाताने वाक पुरवत, एकेक पाऊल मागे सरकत होते. दोर असाच वळला जातो, वळणारा उलटा चालतो. मी विचारलं, "काकाजी, गेलं साल कोणीकडे हाये, हातानं दाखवा."

त्यांनी हात समोर केला. वळून झालेल्या दोराकडे. "हे काय, इथं. झालेलं समोर राह्यते. हातात येते."

"अन् पुढचं साल?"

"ते मांगं. अजून वाकच हाये तो."

पण बोलताना शब्द वापरला तो 'मांगच्या साली' हाच, आणि हात समोर. तोंड एक म्हणत होतं आणि हात दुसरं. मी हे लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "बोलनं गावाचं हाये, हात माया हाये."

अडत दुकानवाले भाऊ, राग कशाचा, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि मला त्याची धास्तीच होती. पुढच्या बैठकीपर्यंत मी गप्प राहिले. मग एक गोष्ट घडली ती सांगते. गावात खाजगी कर्जवाला आला होता, आठवड्याला हप्ता घेणारा. त्याने बायकांना सांगितलं, हजाराला फक्त इतके, फार कमी आहे. मावशी तिथे होती. तिने दाणे मागितले नाहीत, टक्के विचारले नाहीत. तिने विचारलं, "कितीदा?" त्याला समजलं नाही. तिने पुन्हा विचारलं, "इतके, पण सालात कितीदा?"

मला वाटतं तिने दर असाच पकडला आहे. 'कितीदा' या एका शब्दात. आता गटाच्या बायका बँकेतसुद्धा हा शब्द विचारतात आणि मी वहीत 'व्याजदर' या रकान्याशेजारी 'कितीदा' असा नवा रकाना आखला आहे.

चौदा_एप्रिल

ताई, मी पुसदकडची. तुमचा धागा रोज वाचते. एक साधी गोष्ट कोणीच म्हटली नाही म्हणून लिहिते.

आपल्या वावरात निळं पिकत नाही हे खरं. पण आपल्या गावांत निळं आहे. माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण तिला निळं म्हणजे काय विचारलं तर ती आभाळ म्हणणार नाही. ती बाबासाहेबांचा झेंडा म्हणेल. १४ एप्रिलला आमच्या वस्तीतून मिरवणूक निघते. माझे आजोबा १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा घ्यायला बैलगाडीने गेले होते. आमच्या घरात निळा हा शब्द नुसता रंग म्हणून कधी वापरलाच गेला नाही. त्यात मान आहे, शाळा आहे, ताठ चालणं आहे. या सगळ्यासाठी डोळे लागत नाहीत. काकाजींना झेंड्याबद्दल विचारलंत का?

अरुणावतीकाठ

ताई, नव्हतं विचारलं. तुमचं वाचून त्याच संध्याकाळी विचारलं.

काकाजी म्हणाले, "निया झेंडा? तो त मालूम हाये. जयंतीले निघते. ढोल पहिले पारावर येते, मंग आपल्या दारावरून जाते. सारे पांढरे कपडे घालून असतेत, नव्या कपड्याची कडक इस्त्री वाजते चालतानी."

मी म्हटलं, "काकाजी, मग त्या दिवशी नियं येत नाही का म्हणालात? तो झेंडा नियाच तर असतो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी समजलो 'निया झेंडा' हे त्याचं नाव हाये. लालडब्ब्यासारखं. एसटीले लालडब्बा म्हंतेत, तिच्यात बसतो त कोन लाल म्हनून बसते? निया झेंडा अख्खं एकच नाव. त्यातलं नियं वेगयं काढून मले कोणी देल्लंच नाई."

साठ वर्षं ते हा शब्द ऐकत आले, आणि साठ वर्षं तो अख्खा एक शब्द होता. मावशीचे 'दोन टक्के' जसे होते तसाच. मी तर हे काम करते, गटाच्या बायकांना रोज शब्द सांगते, आणि ते सुटे करून द्यावे लागतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी काकाजींनी मुलीला जवळ बोलावलं. यंदा डाव्या बैलाच्या शिंगाला नियं लावा म्हणाले. घरात निळा रंग नव्हता, दुकानातून डबी आणली. रंग लावून झाल्यावर त्यांनी वाळायच्या आधीच शिंग हातात धरलं, बोटं निळी झाली. मग मुलीला विचारलं, "झेंडाबी असाच, अन् आभायबी असंच?"

ती म्हणाली, "हो आबाजी, तसंच."

"झेंडा हातात येते. आभाय येत नाई. मंग हे दोघं एकसारखे हायेत हे पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आलं असन?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मला काही सांगता आलं नाही. मास्तर, किंवा दुसऱ्या कोणाला, काकाजींच्या या प्रश्नाचं उत्तर सुचलं तर इथे लिहा. मी त्यांना वाचून दाखवीन, ते रोज विचारतात.